फोटो ‘क्वालिटी’वर का नाकारला जातो? बेळगाव भागातल्या स्टॉक फोटोग्राफरांचे नेहमीचे प्रश्न

पाऊस लागून घटप्रभेला पाणी आलं की पोरं कॅमेरे घेऊन गोकाकला जातात, आणि पंधरा दिवसांत माझ्या फोनवर स्क्रीनशॉट यायला लागतात. "दादा, बारा पाठवलो, बाराही रिजेक्ट. काय झालंय बघा की." बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडं आता लग्नाच्या ऑर्डरी सांभाळून शटरस्टॉक, अडोबी स्टॉक ह्या फोटो विकणाऱ्या वेबसाइटांवर फोटो टाकणारी मुलं-मुली आहेत. मीही त्यातलाच. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि फोनवर घाईत उत्तर दिलं की अर्धं राहून जातं. म्हणून इथं सावकाश लिहितोय.

इन्स्टाग्रामवर एवढे लाईक पडले, मग तोच फोटो क्वालिटीवर कसा उडाला?

कारण लोकांनी तो फोटो पूर्ण बघितलेलाच नसतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके. फोनचा पडदा साधारण १०८० ठिपके रुंद. म्हणजे तुमचा फोटो पाच-साडेपाच पट आकसून दिसतो, आणि आकसताना हाताचा हलका हादरा, रंगीत रवा (नॉइज), थोडा चुकलेला फोकस, सगळं झाकलं जातं.

विकत घेणारा मात्र तसा वापरणार नाही. तो होर्डिंगवर छापेल, नाहीतर कोपऱ्यातला तांब्याचा हंडा तेवढाच कापून घेईल. वडगावच्या विणकराकडं जाणती बाई साडी घ्यायला आली की पदर उलटा करून मागची बाजू बघते, काठाजवळ धागे सुटलेत का ते बोटानं चाचपते. वेबसाइटचा तपासणारा तुमच्या फाईलकडं तसाच बघतो. फोटो सुंदर आहे का, हा प्रश्न त्याच्यापुढं नंतर येतो. आधी कापड धड आहे का ते पाहिलं जातं. त्यामुळं ‘क्वालिटी’वर परत आलेला फोटो म्हणजे तुमच्या नजरेचा अपमान समजू नका.

मग घरी तपासायचं कसं?

कॉम्प्युटरवर फोटो १०० टक्क्यांवर उघडा, म्हणजे फोटोतला एक ठिपका पडद्यावरच्या एका ठिपक्याइतका. पडदा फारच बारीक ठिपक्यांचा, फोर-के वगैरे असेल, तर २०० टक्क्यांवर बघा, कारण तिथं १०० टक्क्यांवरही दोष लपतात.

वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करा आणि पुस्तक वाचतो तसं ओळीनं उजवीकडं, मग खाली, असं शेवटपर्यंत सरका. आभाळात डाग आहेत का, आभाळाच्या रंगाला पायऱ्या पडल्यात का, झाडाच्या फांद्यांना जांभळी किंवा हिरवी कड आलीय का, सावलीत रंगीत रवा आहे का, आणि ज्याच्यासाठी फोटो काढला ती वस्तू खरोखर धारदार आहे का. एका फोटोला दोन-तीन मिनिटं लागतात. ती द्यायचीच. मी रात्री एडिट केलेला फोटो सकाळी चहाच्या आधी पुन्हा बघतो. थकलेले डोळे आपल्या फोटोला फार माफ करतात.

‘फोकस बरोबर नाही’ असं येतं. पण मी ऑटोफोकसवर काढला होता!

सगळ्यात जास्त फोटो ह्यावर जातात, म्हणून इथं जरा थांबतो. मऊपणा तीन वेगळ्या कारणांनी येतो आणि तिघांवरचा उपाय वेगळा आहे. आधी रोग ओळखा.

फोटोत दुसरं काहीतरी, पुढचं किंवा मागचं, धारदार दिसत असेल तर फोकस चुकीच्या जागी पडलाय. कुठलीच गोष्ट धारदार नाही आणि चमकणारे ठिपके एकाच दिशेला ओढल्यासारखे लांबट झालेत, तर कॅमेरा हलला. मागची भिंत स्वच्छ आणि फक्त माणूस पुसट, तर माणूस हलला.

खानापूरचा एक मुलगा चाकावर मडकं घडवणाऱ्या कुंभाराचा फोटो घेऊन आला होता. फोटो बघताक्षणी आवडावा असा. खिडकीतून येणारा उजेड, ओल्या मातीची चकाकी, कोपरापर्यंत चिखलानं माखलेले हात. १०० टक्क्यांवर उघडला तर मडक्याचा पुढचा काठ सुईसारखा, आणि काठ वर ओढणारी बोटं धुरकट. ५० एमएमची लेन्स, एफ/१.८ (म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच उघडं; एफचा आकडा वाढला की छिद्र बारीक), लहान म्हणजे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, अंतर जेमतेम एक मीटर. एवढ्या जवळून एफ/१.८ वर धारदार पट्टा मिळतो तो साधारण अडीच सेंटिमीटरचा. बोटं त्याच्या पलीकडं होती. शिवाय शटर १/६० सेकंद, आणि चाकावरचे हात थांबत नाहीत. म्हणजे एकाच फोटोत दोन दोष.

त्याला सांगितलं, एफ/४ वर ये, शटर १/२५० च्या खाली नेऊ नकोस, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, आणि फोकसचा चौकोन स्वतःच्या हातानं बोटांवर ठेव. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो बहुतेक वेळा सगळ्यात जवळची किंवा ठळक कड पकडतो, आणि तुम्हाला काय दाखवायचंय ते त्याला ठाऊक नसतं. माणसाचा फोटो असेल तर जवळचा डोळा धारदार पाहिजे. नाकावर फोकस पडलेला फोटो विकला जात नाही.

हातात धरून काढताना जुना हिशोब अजून उपयोगी आहे. लेन्सची फोकल लांबी जेवढी, निदान तेवढ्याव्या भागाचं शटर. २०० एमएमला १/२००, क्रॉप सेन्सर असेल तर त्याच्या दीडपट, १/३००. लेन्समध्ये स्थिरीकरण असलं तर कॅमेऱ्याचा हादरा कमी होतो, हलणारा माणूस काही थांबत नाही.

शिवजयंतीच्या मिरवणुकीचे फोटो ‘नॉइज’वर गेले. रात्री काढायचेच नाहीत का?

काढायचे. बेळगावची चित्ररथ मिरवणूक रात्रीचीच, ती दिवसा कुठून आणणार?

रवा आयएसओमुळं येतो हे अर्धं खरं. जास्त बिघडतं ते फोटो काळोखा काढून नंतर कॉम्प्युटरवर सावल्या उपसल्यानं. आयएसओ ८०० वर दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) काढलेला आणि मग उजळवलेला फोटो, आयएसओ ३२०० वर बरोबर काढलेल्या फोटोपेक्षा बहुतेक कॅमेऱ्यांत चांगला निघत नाही, उलट सावलीत हिरवे-जांभळे डाग पडतात. म्हणून आयएसओला घाबरून फोटो काळा काढू नका.

आणखी एक. सजीव देखाव्यातली माणसं पोज धरून उभी असतात. रथ घटकाभर थांबतो तेव्हा १/१०० सुद्धा पुरतं. ढोल-ताशा आणि लेझीमला ते चालणार नाही. तेव्हा आधी रथ थांबण्याची जागा हेरून ठेवा, गल्लीच्या तोंडाशी उजेड कुठून पडतो ते बघून ठेवा.

रवा कमी करणारं सॉफ्टवेअर वापरा, पण हात आखडून. चेहऱ्याची कातडी मेणासारखी झाली, फेट्याच्या घड्या पुसल्या गेल्या, की फोटो पुन्हा परत येतो. थोडा बारीक, एकसारखा रवा राहिला तर चालतो. रंगीत रवा चालत नाही. म्हणून रंगाच्या रव्याची पट्टी आधी वाढवा, उजेडाच्या रव्याची सगळ्यात शेवटी आणि थोडीच.

गुलाल, भंडारा, लाल साडी ह्यांचे फोटो सारखे परत येतात. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) तर बरोबर दिसतो.

हा प्रश्न आमच्या भागाचा आहे, आणि ह्यावर कुणी फारसं सांगत नाही.

कॅमेरा उजेडाची सरासरी बघतो. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर भंडारा उधळतात तेव्हा सगळी चौकट पिवळी होते. फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांच्या चॅनेलांचा बनतो; पिवळ्यात लाल आणि हिरवा, दोन्ही चॅनेल वर चढतात आणि निळा तळाला बसतो. एकूण उजेडाचा पांढरा हिस्टोग्राम मधोमध दिसतो, तुम्ही समाधानानं पुढं जाता, पण लाल चॅनेल उजव्या भिंतीला धडकलेला असतो. मग भंडाऱ्याची भुकटी भुकटीसारखी न दिसता सपाट पिवळ्या रंगाचा लेप दिसते. गुलालाचं तसंच. लाल लुगड्याची प्रत्येक चुणी नाहीशी होते आणि कागदातून कापून चिकटवल्यासारखी बाई दिसते. तपासणारा ह्याला कधी एक्सपोजर म्हणतो, कधी नुसतंच क्वालिटी.

उपाय असा. कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा. लाल उजवीकडं चिकटला तर दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा, गरज पडली तर पूर्ण एक. रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) काढा, कारण जेपेगमध्ये गेलेली चुणी परत येत नाही. आणि एडिट करताना ‘सॅच्युरेशन’ वाढवायचा मोह आवरा. भंडारा मुळातच एवढा पिवळा असतो की त्याला आपली मदत लागत नाही. उलट लाल आणि पिवळ्याची पट्टी पाच-दहानं खाली आणून बघा, कापडाचा पोत कसा वर येतो ते.

गोकाकचा धबधबा: पाणी रेशमासारखं आलं, तरी नापास. का?

बहुतेक वेळा पाण्याचा पांढरा भाग पूर्ण जळालेला असतो. पांढऱ्यात जरा तरी राखाडी छटा, धारांचे पदर दिसले पाहिजेत. पावसाळ्यात पाणी मातकट तांबूस असतं, ते बळंच पांढरं करू नका. तो रंग तिथला आहे.

दुसरं, शटर लांब ठेवायला लोक एफ/२२ लावतात. एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो. एफ/८ ते एफ/११ वर राहा आणि एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा. तिसरं, बावन्न मीटरवरून पडणाऱ्या पाण्याचे तुषार लेन्सवर येतात. दर दोन-तीन फोटोंनंतर पुसा, नाहीतर मधोमध धुरकट गोळा दिसतो.

आणि धबधब्याजवळचा झुलता पूल. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी त्या पुलावर ट्रायपॉड लावून दोन-दोन सेकंदांचे अकरा फोटो काढले आणि अकराही परत आले. मला वाटलं लेन्स खराब. नंतर १०० टक्क्यांवर बघितलं तर काठावरचे दगडसुद्धा दुहेरी. ट्रायपॉड पक्का होता, पण पलीकडून लोक चालत होते आणि पायाखालचा पूलच हलत होता. लांब शटर लावायचं तर पाय पक्क्या खडकावर हवेत, आणि ट्रायपॉडवर लेन्सचं स्थिरीकरण बंद करायला विसरू नका.

कॅमेरा चांगला, सेटिंग बरोबर, तरी अलीकडं सगळेच फोटो मळकट येतात.

लेन्स टॉर्चसमोर धरून आत बघा. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात फिरलेला कॅमेरा तसाच ओल्या बॅगेत ठेवला की काचेच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तारा. माझी एक लेन्स अशीच गेली. पूर्ण एक हंगाम मी एडिटिंगला दोष देत काँट्रास्ट वाढवत बसलो होतो, आणि फोटो एकामागून एक परत येत होते. आता हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून सुकवतो. एसी गाडीतून उतरल्यावर काचेवर वाफ धरते ती पुसत बसू नका, बॅगेतच ठेवून दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या.

बुरशी नसेल आणि आभाळात ठरावीक जागी गोल राखाडी ठिपके येत असतील तर ती सेन्सरवरची धूळ. एफ/१६ लावून कोऱ्या आभाळाचा फोटो काढा, सगळे ठिपके उघडे पडतील. येळ्ळूरच्या राजहंसगडावरून काढलेल्या फोटोत अर्धं आभाळच असतं, तिथं एक ठिपकाही लपत नाही.

मोबाईलचे फोटो घेतात का?

घेतात. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक दोन्हीकडं किमान ४ मेगापिक्सेल लागतात, आणि १२ मेगापिक्सेलचा मोबाईल ४००० बाय ३००० देतो. उन्हात, मुख्य लेन्सनं, झूम न करता काढलेले माझे मोबाईलचे फोटो पास झालेत.

अडतं ते दुसरीकडं. बोटांनी झूम केलं की फोन नुसता मधला तुकडा ताणतो. पोर्ट्रेट मोडमध्ये केसांच्या कडा कात्रीनं कापल्यासारख्या येतात, कानातला झुमका मागच्या धुक्यात विरघळतो. संध्याकाळी फोन स्वतःच रवा पुसतो आणि झाडाची पानं रंगाच्या फटकाऱ्यांसारखी होतात. आणि मित्रानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो तर कधीच अपलोड करू नका. साध्या पद्धतीनं पाठवला की तो दाबून लहान होतो. १६०० बाय १२०० म्हणजे दोन मेगापिक्सेलसुद्धा नाही. मूळ फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. लहान फोटो सॉफ्टवेअरनं फुगवून चार मेगापिक्सेल करणं हा उपाय नाही, ते १०० टक्क्यांवर लगेच कळतं.

साड्यांच्या फोटोत इंद्रधनुषी लाटा दिसतात. दुकानातल्या फोटोत आडवे काळे पट्टे.

लाटांना मोआरे म्हणतात. बारीक विणीची जाळी आणि सेन्सरच्या ठिपक्यांची जाळी एकमेकींवर बसली की त्या उठतात. शहापूर, वडगावच्या रेशमी साडीवर हमखास. अर्धा फूट मागं-पुढं सरका किंवा कॅमेरा थोडा तिरका करा, लाटा जातात. एडिटिंगमध्ये काढायला गेलात तर साडीचा रंगही जातो.

पट्टे दिव्यांचे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. आणि कुंदा, मांडे असल्या खाण्याचे फोटो दुकानाच्या पिवळ्या-निळ्या मिश्र उजेडात काढू नका. कुंद्याचा तपकिरी रंग त्यात हिरवट होतो आणि खावासा वाटत नाही. बशी दाराजवळ आणा, आतले दिवे बंद करा, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरा. एवढं पुरतं.

एडिटिंग किती करावं?

कमी. ‘क्लॅरिटी’ ओढली की डोंगराच्या कडेला पांढरी रेघ येते, शार्पन जास्त झालं की केसांना तारेसारखी चमक येते. जेपेग पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह करू नका, प्रत्येक वेळी चौकोनी डाग वाढतात. रॉवरच काम करा आणि शेवटी एकदाच पूर्ण दर्जाची जेपेग काढा, रंगाची पद्धत एसआरजीबी ठेवा. क्षितिज सरळ करा.

‘सारखे फोटो’, ‘ट्रेडमार्क’, ‘मॉडेल रिलीज’ हेही क्वालिटीचंच का?

नाही, पण पुष्कळजण सगळं एकाच पोत्यात भरतात. एकाच मडक्याचे पंधरा फोटो पाठवलेत तर दोन-तीन निवडा. मिरवणुकीत बॅनर, कंपन्यांची चिन्हं, ओळखता येणारे चेहरे असतात. असे फोटो जाहिरातीसाठी जात नाहीत, एडिटोरियल म्हणून, म्हणजे बातमी-लेखासाठी, जातात. शटरस्टॉकला त्यासाठी सुरुवातीलाच शहर, राज्य किंवा देश आणि तारीख लिहिलेली ओळ लागते, आणि अशा फोटोत काही पुसायचं-जोडायचं नसतं.

कुंभारकाकांचा, विणकर मावशींचा फोटो जाहिरातीसाठी द्यायचा तर मॉडेल रिलीज म्हणजे संमतीच्या कागदावर त्यांची सही हवी, लहान मूल असेल तर आईवडिलांची. तो कागद बहुधा इंग्रजीत असतो. त्यांना तो मराठीत किंवा कन्नडात, जी भाषा घरी बोलतात तीत, पूर्ण वाचून दाखवा. हा फोटो कुठल्याही देशात, कुठल्याही जाहिरातीत दिसू शकतो हे स्पष्ट सांगा. ‘नको’ म्हणाले तर विषय तिथंच संपला. ह्या बाबतीत मी कुणालाही सवलत देत नाही.

फोटो शोधायचे शब्द (कीवर्ड) भरताना शहराची दोन्ही नावं टाका. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी झालं, पण बेळगाव म्हणून शोधणारे अजून आहेत. शटरस्टॉक ५० शब्द घेतं, अडोबी ४९. तेवढे भरलेच पाहिजेत असं नाही, फोटोत नसलेली गोष्ट लिहू नका.

नाकारलेला फोटो पुन्हा पाठवू का?

काहीच न बदलता पाठवू नका. डाग, रवा, वाकडं क्षितिज, पिवळा रंग, हे दुरुस्त होतं. जळालेला पांढरा आणि चुकलेला फोकस होत नाही.

मधली एक वाट आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो किंचितच मऊ असेल तर तो लहान करून ८ किंवा १० मेगापिक्सेलचा पाठवा. ठिपके एकमेकांत मिसळून रवाही बसतो आणि धारही वाढते. किमान चारच लागतात, त्यामुळं हे नियमात बसतं. हललेला फोटो मात्र ह्यानं सुधारत नाही. आणि अलामी ह्या दुसऱ्या फोटो वेबसाइटवर पाठवणाऱ्यांनी जास्त जपा. तिथं एक फोटो तपासणीत पडला तर सोबतचे, वाट बघत असलेले फोटोही परत येतात. शंका असलेला फोटो चांगल्यांच्या गठ्ठ्यात घालू नका.

खानापूरच्या त्या मुलानं कुंभाराचा जुना फोटो दोनदा लहान करून पाठवला, दोन्हीदा परत आला. मग एका रविवारी तो पुन्हा गेला. ह्या वेळी एफ/४, १/३२०, आयएसओ १६००, चौकोन डाव्या हाताच्या तर्जनीवर. आल्यावर आम्ही दोघांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितलं. नखाखाली अडकलेली माती मोजता येत होती. काकांनी रिलीजवर कन्नडात सही केली होती. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "दादा, घेतले की!"